नानांच्या दहाव्याचं सँडविच

मी जे विकत होते त्याला नेमकं काय म्हणायचं, यावर माझं आणि गिऱ्हाइकांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पुतणीच्या सांगण्यावरून पेंटरने पाटीवर लिहिलं होतं, 'ग्रिल्ड चीज सँडविच, भाजलेल्या भाज्यांसह'. पाटी लागली त्याच आठवड्यात समोरच्या सोसायटीतल्या एक आजी कापडी पिशवी घेऊन आल्या आणि मेथीची जुडी कशी दिली म्हणून विचारू लागल्या. मी म्हटलं, आजी, इथं भाजी मिळत नाही, सँडविच मिळतं. त्यांनी पाटीकडे बोट केलं. मग भाज्या लिहिलंय कशाला, म्हणाल्या, आणि मीच त्यांचा वेळ फुकट घालवल्यासारख्या निघून गेल्या. पाटी बदलावी की नाही याचा विचार मी गाळा बंद करेपर्यंत करत होते.

गाळा वारज्यात, रस्त्याला लागून. पूर्वी तिथं आमच्या सासऱ्यांचं शेत होतं. जमीन बिल्डरला दिली तेव्हा आमच्या वाट्याला वरचा फ्लॅट आणि खालचा हा गाळा आला. यजमान म्हणाले, भाड्याने देऊन टाकू आणि निवांत बसू. मला निवांत बसता येत नाही, हा माझा माहेरचाच दोष. मी म्हटलं, मी चालवते. काय चालवणार ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं. वडापाववाले आजूबाजूला चिक्कार होते आणि पोळीभाजीचा डबा करण्यात मला रस नव्हता, तेच घरी करून हात दुखत होते.

आमच्याच इमारतीत नोकरी करणाऱ्या काही मुली भाड्याने राहायच्या. त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा माणूस वांग्याला तेल चोळत होता, मोठ्या गंभीर चेहऱ्याने, जणू बाळाला मालीश चाललंय. मी म्हटलं, अगं, हे तर आम्ही भरताला करतो, याचा व्हिडिओ कशाला? माझं माहेर लोणी काळभोरचं. शेतावर काट्याकुट्याच्या जाळात वांगी, कांदे, मिरच्या भाजून भाकरीवर घ्यायचं, हे आम्ही लहानपणापासून करत आलो. मुली म्हणाल्या, काकू, तेच करा, फक्त भाकरीऐवजी ब्रेड आणि वर चीज. एवढंच असेल तर मला येतंय, असं मला वाटलं, आणि तिथंच मी फसले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सँडविच म्हणजे दोन ब्रेडच्या मध्ये काहीतरी घालायचं. आपल्या नेहमीच्या सँडविचमध्ये काकडी, टोमॅटो कच्चे घातले तरी चालतात, कारण ते लगेच खायचं असतं. पण चीज घालून तव्यावर सावकाश भाजायचं म्हटलं की कच्ची भाजी दगा देते. तिला पाणी सुटतं, ब्रेडचा लगदा होतो आणि चीज वाहून जातं. म्हणून भाजी आधी वेगळी भाजायची. वांग्याच्या चकत्या बोटभर जाड, त्यांना मीठ लावून ठेवायचं, सुटलेलं पाणी टिपायचं, तेलाचा हात लावायचा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवायच्या. झाकण ठेवायचं नाही. झाकण ठेवलं की भाजी शिजते, भाजली जात नाही, आणि हा फरक ज्याला कळला त्याला सगळं कळलं. ढोबळी मिरची थेट जाळावर काळी करून सोलायची. कांदा लालसर. मग ब्रेडला लोणी बाहेरच्या बाजूने, किसलेलं चीज आतल्या दोन्ही बाजूंना, म्हणजे भाजी मध्ये नीट चिकटून बसते. वर काहीतरी जड ठेवायचं. मी घरातला वरवंटा ठेवायचे. आणि उतरवल्यावर लगेच कापायचं नाही, जरा दम धरायचा. हा शेवटचा नियम गिऱ्हाइकांना कधीच पटला नाही. समोर सँडविच दिसतंय आणि बाई सुरी घेऊन नुसतीच उभी आहे, हे बघून लोक अस्वस्थ व्हायचे.

गिऱ्हाइकांनी मला फार गोंधळात पाडलं, हे कबूल करते. एक तरुण रोज यायचा आणि ग्रिल्ड चीज मागायचा, चीज न घालता. मी एकदा विचारलं, अरे, मग उरतं काय? तो म्हणाला, काकू, डाएट आहे, पण चव तीच ठेवा. चतुर्थीला एक बाई यायच्या, त्यांना उपासाचं सँडविच हवं असायचं. ब्रेड चालेल म्हणायच्या, कांदा तेवढा नको. ब्रेड कुठल्या उपासाला चालतो, हे मी आमच्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई गं, देव बी आता काय काय बघंल." चातुर्मास लागला की निम्मी गिऱ्हाइकं वांगं काढायला सांगायची आणि उरलेली विचारायची की आज वांगं कमी का. एकाने तर जळकं वांगं दिलं म्हणून पैसे परत मागितले. मी त्याला समजावलं की ते जळलेलं नाही, भाजलेलं आहे. तो म्हणाला, आमच्याकडे याला जळलेलंच म्हणतात. मी पैसे परत दिले, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच मागायला आला. माणसांना नक्की काय हवं असतं, हे मला या धंद्यात कधीही कळलं नाही. आणि ते सगळ्यात कमी कळलं नानांच्या बाबतीत.

नाना म्हणजे शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त सरकारी गृहस्थ. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. सारी हयात नारायण पेठेत भाड्याच्या जागेत गेली. घरमालकाने इमारत पाडायला काढली, तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा मंदार त्यांना इकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. कोणी विचारलं, नाना, कुठे असता, तर ते सांगायचे, "मी पुण्यात असतो. सध्या वारज्याला आलोय." हे 'सध्या' काही वर्षं चाललं. मला त्याचा राग यायचा, कारण वारजं आमचं. आमच्या सासऱ्यांनी जिथं घाम गाळला त्या जागी खुर्ची टाकून हे बसणार आणि वर आपण परगावी आल्यासारखं बोलणार.

ते रोज संध्याकाळी यायचे, इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, आणि भाजलेल्या भाज्यांचं ग्रिल्ड चीज सँडविच मागायचे. आणि रोज नावं ठेवायचे. एक दिवस म्हणायचे, "बाई, वांग्याला आज जाळाची ओळख करून दिली नाहीत वाटतं." मी दुसऱ्या दिवशी जास्त भाजलं, तर म्हणाले, आज ओळख जरा जास्तच झालेली दिसते. चीज कमी वाटलं की चष्मा पुसून ब्रेडच्या आत बघायचे. जास्त घातलं तर विचारायचे, आज चीजवाल्याकडे लग्न आहे का? कांदा घातला तर किती घालता, नाही घातला तर कांदा महाग झाला का. मी सुरुवातीला त्यांच्या तक्रारी लक्षात ठेवून तसं करायचा प्रयत्न केला. मग माझ्या लक्षात आलं की त्या दोन दिवसांच्याही एकमेकींशी जुळत नाहीत. मी नाद सोडला आणि माझ्या पद्धतीने करायला लागले. त्यांचं येणं चालूच राहिलं आणि नावं ठेवणंही.

एकदा मी वैतागून म्हटलंच, नाना, एवढं वाईट असतं तर रोज येता कशाला? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अडाणी प्रश्न विचारला. म्हणाले, "संध्याकाळी कुठेतरी जावं लागतं, बाई." आणि ताटली उचलून आपल्या खुर्चीकडे गेले. या उत्तराचं काय करायचं ते मला समजलं नाही. रात्री यजमानांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, पेठेतला माणूस आहे, सोडून दे.

मंदार मला तोंडओळखीचा. सकाळी घाईत जायचा, हात करायचा, चांगला पोरगा. बापलेकांना मी एकत्र फारसं पाहिलं नव्हतं. कधी तो ऑफिसमधून येताना गाळ्यापाशी थांबायचा, बाबा, चला घरी, म्हणायचा. नाना उठायचे आणि त्याच्या मागून एक शब्द न बोलता चालू लागायचे. मला वाटायचं, यांचं काही बरं नाही.

एका संध्याकाळी नाना आले नाहीत. आमच्या वॉचमनने सांगितलं, सकाळी झोपेतच गेले. मी आणि यजमान भेटून आलो. घरात नातेवाईक, सतरंजी, नेहमीचं सगळं. मंदार भिंतीला टेकून बसला होता आणि सगळ्यांना पाणी हवं का विचारत होता. मला वाटलं, सावरलंय पोराने स्वतःला.

दहाव्या दिवशी सकाळी माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात मंदारची बायको केतकी, चेहरा लाल, श्वास लागलेला. घाटावरून स्कूटर घेऊन आली होती. म्हणाली, काकू, पिंडाला कावळा शिवत नाहीये. किती वेळ झाला, झाडावर बसलेत, खाली येत नाहीत. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलं. मग मंडळी एकेक आश्वासन देतात, गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ ठेवतात. केतकी म्हणाली, पुरणपोळी ठेवली, श्रीखंड ठेवलं, काही उपयोग नाही. मग तिला आठवलं. "काकू, बाबा घरी रोज सांगायचे, वारज्यात खाण्यासारखी एकच गोष्ट आहे. तुमचं सँडविच."

मी दाराची कडी धरूनच उभी राहिले. मी विचारलं, कोण म्हणायचं? बाबा, ती म्हणाली. म्हणायचे, त्या बाईंच्या हाताला माप आहे, वांगं जसं हवं तसं भाजतात, कमी नाही, जास्त नाही. मी तिला म्हटलं, अगं, तू दुसऱ्या कोणाबद्दल तर बोलत नाहीस ना? तिला वाटलं मी दुःखाने असं बोलतेय.

आता स्वयंपाकघरात उभी राहिले खरी, पण करू काय? आयुष्यात इतकी सँडविचं केली, त्या दिवसाइतकी गोंधळले नव्हते. माझ्यासमोर माणसाने एकदाही बरं म्हटलं नाही. घरी जाऊन म्हणतो, उत्तम. म्हणजे कुठलं उत्तम? त्यांनी कच्चं म्हटलेलं की जळकं म्हटलेलं? नावं ठेवायचे ते चुकलं म्हणून, की सवय म्हणून? आज त्यांच्या तक्रारींप्रमाणे सुधारून करावं, तर कुठल्या तक्रारीप्रमाणे? केतकीला विचारलं, कांदा घालू का, पिंडासमोर ठेवायचंय. ती म्हणाली, घाला, त्यांना कांदा लागायचा. मला तर ते दर दोन दिवसांनी कांद्यावरून बोलायचे. घरात एकच वांगं होतं, दुपारच्या भाजीला आणलेलं. मिठात ठेवायला वेळ नव्हता. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे मंगल, रोज करतेस तसं कर, त्यांना काय बोलायचं ते बोलू देत. आणि माझ्याच विचाराने मला रडू आलं, कारण आता बोलणार कोण होतं?

सँडविच डब्यात घातलं नाही. गरम सँडविच बंद केलं की वाफ धरतं आणि मऊ पडतं. ताटलीत उघडंच ठेवलं, मांडीवर घेतलं आणि केतकीच्या मागे स्कूटरवर बसले. कर्वे रस्त्यावर सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघत होता. वाटेत केतकीने मला सांगितलं ते असं, की मंदार इतक्या दिवसांत एकदाही रडलेला नाही. रात्री उठून बसतो आणि एकच वाक्य बोलतो, मी बाबांना त्यांच्या घरातून उचलून इथं आणलं, त्यांनी मला माफ केलं नाही. आणि आज कावळाही शिवेना, म्हणजे त्याच्या दृष्टीने निकालच लागला. तिचा आवाज वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हता, पण तेवढं ऐकू आलं.

घाटावर मंदार ओल्या पंचात उभा होता. समोर पिंड, बाजूला पानावर पुरणपोळी, श्रीखंड, सगळं तसंच. भोवती नातेवाईकांचं कोंडाळं. नानांची बहीण, सुमनआत्या, पुढे होऊन मंदारला सांगत होत्या, अरे, कबूल कर की पेठेत परत जाऊ. तो म्हणाला, "आत्या, कुठे जाऊ? ती जागाच उरली नाही." 

मी ताटली पुढे केली. गुरुजींनी वाकून पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार, ब्रेड इथं चालत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अंडं नाही ना यात?" मी म्हटलं नाही. ठेवा मग, म्हणाले. मी सँडविच पानावर ठेवलं. मंदारने हात जोडले आणि काहीतरी पुटपुटला. आम्ही सगळे झाडाकडे बघू लागलो. कावळे होते. एकाने मान वाकडी करून खाली पाहिलं सुद्धा. आला नाही.

वेळ जात होता. मागे दुसऱ्या कुटुंबाचं पिंडदान चाललं होतं, त्यांच्याकडे कावळ्यांची झुंबड, आणि आमच्याकडे शांतता. मंदारचे काका म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववून घ्या, तशी सोय असते शास्त्रात. गुरुजींनी दर्भ हातात घेतला. मंदारने तो दर्भ पाहिला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. दर्भाचा कावळा म्हणजे बाबा आलेच नाहीत, आपण आपली समजूत घातली, असं त्याला कायमचं वाटत राहिलं असतं.

मी कशी बोलले मला ठाऊक नाही. इतकंच आठवतंय की त्या कोंडाळ्याकडे बघून मला एकदम गाळ्यावरचे नाना दिसले. ते खाताना कोणी बघितलेलं त्यांना चालत नसे. ताटली घेऊन खुर्ची रस्त्याकडे फिरवायचे, आणि मी बघते आहे असं वाटलं की घास तसाच हातात धरून बसायचे. मी आत वळले की मग खायचे. धंद्यात हे शिकावं लागतं, काही गिऱ्हाइकांकडे बघायचं नसतं. मी म्हटलं, "सगळ्यांनी पाठी फिरवा. एवढी माणसं टक लावून बघतायत, नाना घास घेतील का?"

गुरुजी दर्भ हातात घेऊन थांबले. सुमनआत्यांनी माझ्याकडे पाहिलं, ही बाई कोण, अशा नजरेने. मग त्याच म्हणाल्या, खरं आहे, लहानपणीसुद्धा पाटावर भिंतीकडे तोंड करून जेवायचा. त्या वळल्या, म्हणून बाकीचे वळले. आम्ही सगळे नदीकडे तोंड करून ओळीने उभे राहिलो, फोटोला उभे राहतात तसे, पण उलटे.  मला मनातून भीती वाटत होती, की असं काही सांगण्याचा मला काय अधिकार, मी तर फक्त सँडविच करणारी.

थोड्या वेळाने मागे काहीतरी खसखसलं. पान हललं, काहीतरी आपटलं, पुन्हा शांत. सगळे एकदम वळले. पिंडाचा वरचा भाग उडाला होता, काळे तीळ इकडेतिकडे पडले होते आणि सँडविचचा एक तुकडा पानाबाहेर ओढलेला होता. आसपास काहीच नव्हतं. काका म्हणाले, मी पंख पाहिला. एक मावशी म्हणाल्या, मला तर मांजराचं शेपूट दिसलं, घाटावर मांजरं फार. कोणी म्हणालं, वारा असेल. त्यावर सुमनआत्या भडकल्या, वारा सँडविच खातो का म्हणाल्या. गुरुजींनी तो वाद वाढू दिला नाही. शिवला, असं मोठ्याने जाहीर केलं आणि पुढच्या तयारीला लागले.

मंदार कोणाकडेच गेला नाही, तो माझ्याकडे आला. बहुधा मी परकी होते म्हणून, माझ्याकडून खरं कळेल असं त्याला वाटलं असावं. "काकू, कावळाच होता ना?"

मला हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी अजूनही स्वतःला विचारते. पण त्या पोराच्या डोळ्यांत बघून जीभ वळेना. मी म्हटलं, "मंदार, मला दिसलं नाही. मी तुझ्यासारखीच पाठ करून उभी होते. पण एक सांगते. तुझे बाबा माझ्याकडे एक दिवस खूश होऊन आले नाहीत, आणि आल्याशिवाय राहिले नाहीत. मला म्हणायचे वांगं बिघडलं, तुमच्याकडे म्हणायचे चांगलं झालं. याचा अर्थ मला लागलेला नाही. तुला लागला तर मलाही सांग बाबा."

तो पानाकडे बघत म्हणाला, "आम्ही सामान घेऊन वारज्याला आलो ना, तेव्हा टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, चिडलेत." तो थांबला. "पण ते माझ्या मुंजीतही बोलले नव्हते, काकू. मला नोकरी लागली तेव्हाही नाही."

आणि तो रडायला लागला. घाटाच्या पायरीवर बसला, तोंड पंचात घातलं आणि लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडला. केतकी धावत आली, आत्या आल्या. मी बाजूला झाले. चिडलेला बाप आणि गप्प बाप यांच्यातला फरक त्याला त्या क्षणी कळला की त्याने कळून घेतला, हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच कळलं की हे रडणं व्हायला हवं होतं आणि ते झालं.

या गोष्टीवर मी पुढे पुष्कळ विचार केला. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, गाळा एका चष्मेवाल्याला भाड्याने दिलाय, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ आहे. लोकांच्या तोंडातून आलेलं ऐकून स्वयंपाक करायचा असतो, असं मी समजत होते. कमी म्हटलं की वाढवा, जास्त म्हटलं की घटवा. नाना रोज नावं ठेवायचे तेव्हा मी त्यांच्यावर चिडायचे, घरी जाऊन सासूबाईंजवळ त्यांची नक्कल करायचे. एकदा जरी समोर बरं म्हणाले असते तर त्यांचं काय गेलं असतं, असं आजही वाटतं. त्यांच्यावर रागवावं की त्यांची आठवण काढावी, हे ठरत नाही. मग दोन्ही करते.

त्या दिवशी घाटावर सगळं आटोपलं. स्नानं झाली, मंडळी निघाली. पिंड, पुरणपोळी, ते उरलेलं सँडविच, सगळं तिथंच ठेवून आम्ही पायऱ्या चढायला लागलो. मंदार सगळ्यांच्या मागे होता, डोळे सुजलेले, पण चाल हलकी. आम्ही अर्ध्या पायऱ्या चढलो असू, तेवढ्यात मागे फडफड झाली. चांगली मोठी, एकाहून जास्त पंखांची. सुमनआत्या लगेच थांबल्या, पदर सावरला आणि खात्री करून घ्यायला वळायला लागल्या.

मंदारने त्यांचा दंड धरला. म्हणाला, "नको बघूस, आत्या. खाऊ दे त्यांना."

आणि तो त्यांना हाताला धरून वर घेऊन गेला.